चौकीदाराची परीक्षा

*(मोठा गट : संगणकाचा पाठ. पालकांनी मुलांबरोबर बसून वाचावा.)*

मुलांनो,

हिरकणीची गोष्ट वर्गात सांगून झाली आहे. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले, तान्हे बाळ गडाखाली घरी, आणि आई वर अडकलेली. ती कड्यावरून उतरून गेली. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. उलट तिचा सन्मान केला, आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधून घेतला.

ही गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "काका, पण गड बांधला तेव्हाच कुणी तपासलं कसं नाही?"

प्रश्न फार चांगला होता. मी त्या दिवशी "पुढच्या वेळी सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. आज त्याचे उत्तर देतो.

तपासले होते, असे सांगणारी एक गोष्ट ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. गडाचे काम झाल्यावर महाराजांनी लोकांना जमवले. समोर पैशांची थैली आणि सोन्याचे कडे ठेवले आणि सांगितले, की दरवाजा सोडून दुसऱ्या वाटेने, दोर किंवा शिडी न लावता जो वर चढेल त्याला हे बक्षीस. एका माणसाने पुढे होऊन परवानगी मागितली. ती मिळाल्यावर तो निशाण घेऊन कडा चढला, वर निशाण रोवले आणि महाराजांना मुजरा केला. त्याला बक्षीस मिळाले, आणि तो ज्या वाटेने चढला ती वाट बंद करण्यात आली.

या गोष्टीतल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. त्याने आधी परवानगी घेतली. त्याने खरोखर चढून दाखवले, नुसते "चढता येईल" असे म्हटले नाही. आणि फट सापडल्यावर ती बुजवली गेली. संगणकाच्या जगात आज नेमके हेच काम करणारी साधने आहेत. त्यांना नेटवर्क स्कॅनर म्हणतात. पण समजा, तो माणूस अर्ध्या वाटेवर दमला असता आणि खाली येऊन म्हणाला असता, "महाराज, कुठूनही वाट नाही", तर? शोधणारा नीट शोधतो की नाही, हे कोण बघणार? आजचा पाठ त्याबद्दल आहे.

१. वाडा आणि त्याचे दरवाजे

आजोळी जुना वाडा पाहिला असेल तर डोळ्यांसमोर आणा. नेटवर्कवरचा प्रत्येक संगणक हा असा एक वाडा आहे. त्याला दरवाजे किती? ६५,५३५! त्यांना पोर्ट म्हणतात. प्रत्येक दरवाजाला क्रमांक असतो, आणि काहींचे काम ठरलेले असते. २५ क्रमांकावर टपाल येते, ८० आणि ४४३ वर वेबची पाने मिळतात, २१ वरून फायलींची ने-आण होते. बहुतेक दरवाजे बंदच असतात. जो उघडा असतो त्याच्यामागे एक प्रोग्रॅम नोकरासारखा बसलेला असतो आणि "कोण आहे?" म्हणून विचारतो.

स्कॅनर हा रात्रीचा गस्तवाला. तो प्रत्येक दाराची कडी हलवून बघतो. दार उघडे दिसले तर आतल्या नोकराला नाव आणि वय विचारतो, म्हणजे प्रोग्रॅम कोणता आणि त्याची आवृत्ती कितवी. मग स्वतःजवळची वही उघडतो. "या नावाच्या, या आवृत्तीच्या नोकराला अमुक खोड आहे" अशा नोंदी त्या वहीत असतात. १९९९ पासून जगभर अशा फटींना ठराविक क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. त्या यादीला सीव्हीई म्हणतात. त्यामुळे टोकियोतला माणूस आणि पुण्यातला माणूस एकाच फटीबद्दल बोलत आहेत की नाही, हे लगेच कळते.

२. सैतान आणि सांताक्लॉज

अशा साधनांपैकी सर्वांत जास्त गाजले ते १९९५ साली. अमेरिकेचा डॅन फार्मर आणि हॉलंडचा वित्से व्हेनेमा या दोघांनी एक प्रोग्रॅम लिहिला. लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून त्याचे छोटे नाव झाले सॅटन, म्हणजे सैतान! ५ एप्रिल १९९५ रोजी त्यांनी तो जगाला फुकट दिला. केवढा आरडाओरडा झाला म्हणता! लोक म्हणाले, हे म्हणजे चोरांच्या हातात किल्ल्या देणे झाले. या प्रकरणात फार्मरची नोकरी गेली.

नावाचाच राग येणाऱ्यांसाठी त्यांनी एक गंमतही करून ठेवली होती. 'रिपेंट', म्हणजे 'पश्चात्ताप कर', नावाची छोटी आज्ञा चालवली की इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरे मागेपुढे होत आणि सैतानाचा सँटा होई. काम तेच, नाव फक्त नाताळचे.

दोघांचे म्हणणे साधे होते. चोराला फट आधीच माहीत असते, फक्त घरमालकाला माहीत नसते. तेव्हा मालकाने चोराच्या डोळ्यांनी स्वतःचे घर पाहिले पाहिजे. पुढे जग हळूहळू त्यांच्याच बाजूला आले. १९९७ मध्ये एनमॅप आले, १९९८ मध्ये फ्रान्सच्या रेनो देरेझोंने नेसस लिहिले. आज मोठ्या बँका, इस्पितळे आणि विद्यापीठे आपली यंत्रे अशा साधनांनी नियमित तपासतात.

पण आपल्या पाठाच्या दृष्टीने महत्त्वाचे पुढेच आहे. सॅटन बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत खुद्द सॅटनमध्येच एक फट सापडली! तो वेब ब्राउझरमधून चालवत आणि त्यासाठी दर वेळी एक गुप्त परवलीचा शब्द तयार होई. वापरणारा त्याच ब्राउझरमधून बाहेरच्या दुसऱ्या पानावर गेला, तर तो शब्द त्या परक्या पानाच्या मालकाला कळू शकत असे. त्याच एप्रिल महिन्यात सुधारलेली आवृत्ती आली. म्हणजे घराची राखण करणाऱ्याच्या खिशातूनच किल्ली पडत होती. चौकीदाराचीही परीक्षा घ्यावी लागते ती यासाठी.

३. चौकीदार दोन प्रकारे चुकतो

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट सर्वांना येते. लांडगा नसताना हाक मारणे ही पहिली चूक. तिला आपण खोटी हाक म्हणू. लांडगा आला असताना झोपून राहणे ही दुसरी चूक. तिला हुकलेली फट म्हणू.

वाईट कोणती? तुम्ही म्हणाल, दुसरी. पण नीट विचार करा. गोष्टीतल्या गावकऱ्यांचे काय झाले? खोट्या हाका ऐकून ऐकून त्यांनी कान बंद केले, आणि खरा लांडगा आला तेव्हा कोणी धावले नाही. पहिली चूक वाढली की तिच्या पोटातून दुसरी जन्माला येते.

आता थोडे गणित. समजा, एका प्रयोगासाठी आपण मुद्दाम २० फटी ठेवल्या. चौकीदाराने २४ फटी सांगितल्या. त्यांतल्या १८ खऱ्या निघाल्या.

– हुकलेल्या फटी : २० – १८ = २
– खोट्या हाका : २४ – १८ = ६
– नजर किती तीक्ष्ण? २० पैकी १८, म्हणजे ९० टक्के
– बोलणे किती खरे? २४ पैकी १८, म्हणजे ७५ टक्के

दोन्ही आकडे लागतात. जो चौकीदार प्रत्येक दाराकडे बोट दाखवून "फट, फट, फट" ओरडेल, त्याची नजर शंभर टक्के भरेल, पण तो कामाचा नाही.

४. परीक्षा कशी घ्यायची?

परीक्षेत शिक्षकाला उत्तर आधी ठाऊक असावे लागते. म्हणून चौकीदाराला खऱ्या घरावर न सोडता आधी अशा घरावर सोडायचे, जिथे फटी किती आणि कुठे हे आपल्याला माहीत आहे. यासाठी मुद्दाम भोके ठेवलेला एक आयता खोटा संगणक मिळतो. त्याचे नाव मेटास्प्लॉइटेबल २. तो खऱ्या संगणकाच्या पोटात, बाहेरच्या जगापासून तोडून चालवतात.

मी हा प्रयोग घरीच केला. यंत्रे माझी होती, घर आमचे होते, आणि घरच्या मालकीणबाईंची, म्हणजे तुमच्या काकूंची, परवानगी काढली होती.

त्या खोट्या संगणकात २१ क्रमांकाच्या दारामागे व्हीएसएफटीपीडी नावाचा नोकर आहे, आवृत्ती २.३.४. त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. २०११ च्या उन्हाळ्यात कोणी चोराने हा प्रोग्रॅम जिथून लोक उतरवून घेतात तिथली मूळ फाईल बदलून ठेवली आणि तिच्यात चोरवाट घातली. खूण काय होती सांगा? वापरणाऱ्याच्या नावाच्या शेवटी हसरा चेहरा काढायचा, विसर्गासारखी दोन टिंबे आणि पुढे कंस. तो हसरा चेहरा पाहिला की नोकर गुपचूप ६२०० क्रमांकाचे दार उघडून देई! ही लबाडी जुलैच्या सुरुवातीला उघड झाली आणि फाईल काढून टाकण्यात आली.

मी तीन वाडे मांडले. पहिल्यात ही चोरवाट असलेला नोकर. दुसऱ्यात त्याच नावाचा, त्याच आवृत्तीचा, पण अस्सल आणि प्रामाणिक नोकर. तिसऱ्यात २१ क्रमांकाचे दार बंद. बरोबर उत्तर : आहे, नाही, नाही.

आधी चौकीदाराला फक्त नाव-आवृत्ती वाचायला लावली. त्याचे उत्तर : आहे, आहे, नाही. दुसऱ्या वाड्यातल्या प्रामाणिक नोकरावर त्याने फुकट आळ घेतला. का? तर नाव तेच होते म्हणून! मग खरी कडी हलवून बघणारी तपासणी लावली. हसरा चेहरा दाखवायचा आणि ६२०० चे दार उघडते का ते बघायचे. या वेळी उत्तर बरोबर आले.

असाच घोटाळा खऱ्या जगात २०१४ साली मोठ्या प्रमाणावर होऊ शकत होता. त्या वर्षी ओपन-एसएसएल नावाच्या, कुलपे लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'हार्टब्लीड' ही फट सापडली. फट अशी : शेजारणीकडे वाटीभर साखर पाठवायची आणि म्हणायचे, "माझी पातेलंभर साखर परत द्या." शेजारीण भोळी. ती मोजत नसे. पातेले भरण्यासाठी आपल्या फडताळातले हाताला लागेल ते घाली. अशा रीतीने एका मागणीत ६४ किलोबाइटपर्यंत दुसऱ्याची गुपिते बाहेर येत. १.०.१ पासून १.०.१-एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत ही फट होती. ७ एप्रिल २०१४ रोजी आलेल्या १.०.१-जी मध्ये ती बुजवली.

पण डेबियन आणि रेड हॅट यांनी काय केले, तर आपल्याकडची जुनी १.०.१-ई आवृत्तीच ठेवली आणि तिच्यातली फट तेवढी शिवून दिली. फाटक्या सदऱ्याला ठिगळ लावावे तसे. सदरा तोच, लेबल तेच, पण भोक नाही. जो चौकीदार फक्त लेबल वाचेल तो ओरडणार, "फाटका आहे!" जो हात घालून बघेल त्यालाच खरे कळेल.

आणि एक फजितीही सांगतो. प्रयोगाच्या उत्साहात मी चौकीदाराला घरातल्या सर्व यंत्रांकडे पाठवले. छपाईयंत्राचे ९१०० क्रमांकाचे दार असते. तिथे जे येईल ते छापायचे, एवढेच त्या बिचाऱ्याला माहीत. चौकीदाराने "कोण आहे? नाव काय?" असे नाना प्रकारे विचारले आणि त्याने प्रत्येक प्रश्न इमानाने छापला. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेले कागद त्यात संपले. एनमॅपच्या कर्त्याला हे ठाऊक असावे, कारण नाव-आवृत्ती विचारताना त्याचे साधन ही दारे आपणहून वगळते. धडा : तपासताना मोडतोड करत नाही ना, हीसुद्धा परीक्षेतली एक बाब आहे.

५. कोरा कागद

आता जी गोष्ट सांगतो, ती सांगायला मला बरे वाटत नाही. पण पाठ पुरा करायचा तर ती सांगितली पाहिजे.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका कचेरीत दर महिन्याला यंत्रांची तपासणी करत असे. आमचा चौकीदार बाहेरून कड्या हलवी, आणि त्याला दिलेल्या किल्लीने आत जाऊन खोल्याही बघे. एका महिन्यात अहवाल अगदी स्वच्छ आला. एकही मोठी फट नाही. मी खूश! साहेबांना सांगितले, साहेबही खूश. दुसरा महिना स्वच्छ, तिसराही स्वच्छ.

मग नव्याने लागलेल्या एका मुलाने भीत भीत विचारले, "सर, पूर्वी या तपासणीला दोन तास लागायचे. आता दहा मिनिटांत कशी होते?"

मी उघडून पाहिले. किल्लीची मुदत संपली होती. तीन महिने चौकीदार आत गेलाच नव्हता. दारावर उभा राहून परत येत होता आणि "आत काही वाईट दिसलं नाही" म्हणून सांगत होता. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याने काही पाहिलेच नव्हते! अहवालाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, "आत प्रवेश मिळाला नाही" असे लिहिलेलेही होते. ते पान मी वाचले नव्हते.

त्या संध्याकाळी दोन वाटा होत्या. गुपचूप किल्ली बदलायची, किंवा साहेबांकडे जाऊन सांगायचे, की तीन महिने मी तुम्हांला चुकीचे सांगितले. मी बराच वेळ खुर्चीत बसून होतो. शेवटी गेलो. बोलणी खाल्ली. पण त्या रात्री पुन्हा तपासणी केली तेव्हा आत अकरा मोठ्या फटी निघाल्या, आणि त्या आठवड्यात बुजल्या. गप्प बसलो असतो तर "मागच्या महिन्यात तर काही नव्हतं, आता अकरा कुठून?" याचे उत्तर मी काय देणार होतो?

तेव्हापासून मी एक नियम केला. घरात एक फट मुद्दाम, सुरक्षित जागी, माहितीतली ठेवायची. चौकीदाराने दर महिन्याला ती सांगितलीच पाहिजे. ज्या महिन्यात तो ती सांगणार नाही, त्या महिन्यात त्याच्या स्वच्छ अहवालावर विश्वास ठेवायचा नाही. कोऱ्या उत्तरपत्रिकेत चुका नसतात, पण म्हणून तिला शंभर गुण मिळत नाहीत.

६. परवानगी

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. रायगड चढणाऱ्याने आधी काय मागितले? परवानगी!

दुसऱ्याच्या वाड्याच्या कड्या हलवणे हा खेळ नाही. या देशात १९८० च्या दशकात दोन तरुणांनी प्रेस्टेल या संगणकसेवेत शिरून राणीचे पती प्रिन्स फिलिप यांची टपालपेटी उघडून दाखवली होती. त्यांना शिक्षा झाली, पण वरच्या न्यायालयांनी ती रद्द केली, कारण अशा कृत्याला लागू पडेल असा कायदाच नव्हता. १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेही तेच सांगितले. मग १९९० साली संगणकाच्या गैरवापराविरुद्धचा कायदा झाला आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा गुन्हा ठरला. सुट्टीत मामाकडे पुण्याला गेलात तरी सुटका नाही. भारतातही २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. "मी फक्त बघत होतो" हे उत्तर दोन्हीकडे चालत नाही. शाळेचे नेटवर्क, लायब्ररीचे नेटवर्क, शेजाऱ्यांचे वायफाय ही आपली नाहीत. तोंडी "हो, कर" यावरही विसंबू नये. मोठी माणसे हे काम करताना लेखी परवानगी घेतात.

पालकांसाठी दोन शब्द

स्कॅनर न लावताही घरची गस्त घालता येते. वायफायच्या डब्याचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलला आहे का, ते बघा. फोन, टीव्ही, कॅमेरे यांची ताजी दुरुस्ती घेतली आहे का, ते बघा. २९ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये नवीन विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंना सर्वांना सारखाच सोपा परवलीचा शब्द देण्यास कायद्याने बंदी आहे, पण घरातल्या जुन्या वस्तूंचे आपणच बघायला हवे. आणि मुलाने "बाबा, तुमचा पासवर्ड सोपा आहे" असे सांगितले तर रागावू नका. महाराज हिरकणीवर रागावले नव्हते.

शब्दार्थ

फट – चीर, आत शिरायला मिळालेली जागा
कडी – दार आतून किंवा बाहेरून लावण्याचे साधन
गस्त – राखणीसाठी घातलेली फेरी
आळ – खोटा आरोप
ठिगळ – फाटक्या कपड्याला लावलेला तुकडा
परवलीचा शब्द – ओळख पटवणारा गुप्त शब्द
फडताळ – भिंतीतले कपाट
वेळ मारून नेणे – तात्पुरते काहीतरी बोलून सुटका करून घेणे
बोलणी खाणे – रागावणे ऐकून घेणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सॅटन हा प्रोग्रॅम कोणी लिहिला आणि तो कधी बाहेर आला?
(आ) छपाईयंत्राने इतके कागद का छापले?

२. गणित करा. मुद्दाम ४० फटी ठेवल्या. चौकीदाराने ३० सांगितल्या. त्यांतल्या २४ खऱ्या निघाल्या. हुकलेल्या किती? खोट्या हाका किती? नजर किती टक्के, आणि बोलणे किती टक्के खरे?

३. वाक्यात उपयोग करा : वेळ मारून नेणे, आळ घेणे, बोलणी खाणे.

४. सात-आठ ओळी लिहा. नव्या मुलाने प्रश्न विचारला नसता तर पुढे काय झाले असते?

५. घरी करा. आजी-आजोबांना फोन करून विचारा, की त्यांच्या लहानपणी रात्री घराची राखण कशी होत असे, दाराला काय काय लावत असत. ऐकलेले नवे मराठी शब्द वहीत लिहून शनिवारी आणा.

*(गणिताचे उत्तर : हुकलेल्या १६, खोट्या हाका ६, नजर ६० टक्के, बोलणे ८० टक्के खरे. आधी स्वतः सोडवा, मग बघा!)*